गावची बोली, शहराचा कान

भाषावैज्ञानिक प्रबोध पंडित मुंबईतल्या एका गुजराती मसाला व्यापाऱ्याचं उदाहरण देत. हा माणूस घरी गुजराती बोलतो, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, धंद्यातल्या लोकांशी कच्छी आणि कोकणी, आणि क्वचित एखाद्या औपचारिक प्रसंगी इंग्रजी. यातली कुठलीही भाषा त्याला जड जात नाही आणि एकीच्याही पायी त्याची गुजराती सुटत नाही. युरोप-अमेरिकेत स्थलांतरितांची तिसरी पिढी आजोबांची भाषा विसरणार, हे गृहीतच धरलेलं असतं. भारतात भाषा टिकणं हा नियम आणि सुटणं हा अपवाद, असं पंडितांचं म्हणणं होतं. मदुराईचे सौराष्ट्री विणकर शतकांपूर्वी गुजरातेतून निघाले आणि तमिळ मुलखात स्थिरावले, तरी त्यांच्या घरात आजही सौराष्ट्री ऐकू येते. तंजावरची मराठीही अशीच पिढ्यानपिढ्या तग धरून राहिली.

पण गावाहून शहरात येताना जो भाषेची हद्द ओलांडतच नाही, त्याचं काय? धाराशिवहून पुण्याला, धुळ्याहून नाशिकला, बुलढाण्याहून मुंबईला आलेला माणूस मराठीतून मराठीतच येतो. नवी भाषा शिकायचा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. आहे ती ‘सुधारायची’ असते. महाराष्ट्रातल्या स्थलांतराच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांकडे या नजरेनं पाहिलं, तर एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. परक्या भाषेला शहर कुठेतरी कोपरा देतं, कारण ती वेगळी आहे हे त्याला मान्य असतं. जवळच्या बोलीला ते चूक समजतं. त्यामुळे जी बोली प्रमाण मराठीच्या जितकी जवळ, तितकी ती सोडून देण्याची घाई जास्त.

याचं एक जुनं आणि जगभर गाजलेलं उदाहरण सांगलीजवळ आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ साली कुपवाड या गावावर एक निबंध प्रसिद्ध केला. गावात जैन शेतकरी कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, भूमिहीन मजूर मराठी. थोडी घरं तेलुगूही बोलत. शतकानुशतकं रोजचा व्यवहार एकमेकांशी असल्यामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली होती की, एकीतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. शब्द मात्र ज्याचे त्याने जपले होते, कारण उंबऱ्याच्या आतली भाषा हीच घराची ओळख होती. भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलेलं हे गाव आज सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा भाग आहे आणि तिथे औद्योगिक वसाहत उभी आहे. भाषा वेगळ्या असल्या की माणसं त्या जपतात, हे कुपवाडनं दाखवलं. एकाच भाषेच्या पोटातले भेद शहरात कसे वितळतात, हे पाहायला मुंबई-पुण्याकडेच यावं लागतं.

मुंबईत कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली ती १८५४ साली. दोन वर्षांत सूत निघू लागलं आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, वरळी, डिलाईल रोड, भायखळा या पट्ट्यात गिरणगाव उभं राहिलं. कामगार प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आले; तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही होता. मग घाटावरून सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर. भरती व्हायची ती जॉबरमार्फत, म्हणजे मुकादमामार्फत, आणि जॉबर माणसं आणायचा आपल्या भावकीतली, आपल्या वाडीतली. त्यामुळे एका खात्यात एका टापूतली माणसं आणि एका खोलीत एका गावची माणसं, असा प्रकार सर्रास होता. पाळीप्रमाणे झोपायचं, वळकटी भिंतीला लावून कामावर जायचं, जेवण खानावळवाल्या बाईकडे. या खानावळवाल्या बायांनाच एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

बोलीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, बायकापोरं गावीच होती. चाकरमानी भातलावणीला जायचा, शिमग्याला जायचा, गणपतीला तर जायचाच. वर्षातून दोन-तीनदा त्याची जीभ गावच्या पाण्यात बुडवून निघायची. मुंबईतल्या खोलीतही आजूबाजूला तीच माणसं. ‘खंय गेललंस?’ विचारलं की उत्तर त्याच बोलीत यायचं. गावाच्या नावाची ग्रामस्थ मंडळं निघाली. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, भजनाची बारी, जाखडी, नमन, दशावतार यांचे मुंबईतले प्रयोग तीच मंडळं करत. कुटुंब गावी आणि माणूस शहरात, ही फरफट त्या माणसाला सोसावी लागली आणि तिची किंमत फार मोठी होती, पण बोली टिकली ती याच व्यवस्थेमुळे. कुटुंब शहरात आलं, मुलं इथल्या शाळेत जाऊ लागली, तिथून बोलीची उतरण सुरू झाली.

गोव्याच्या माणसांनी हीच व्यवस्था कूडांच्या रूपाने केली होती. धोबीतलाव परिसरात गोव्यातल्या एकेका गावाची कूड असायची. जहाजावर जाणारे खलाशी, आचारी, वादक तिथे अगदी थोड्या भाड्यात राहत, गावच्या संताच्या वेदीपुढे संध्याकाळी प्रार्थना म्हणत आणि कोकणीत बोलत. कोकणी रंगभूमीचा सगळ्यात लोकप्रिय प्रकार असलेलं तियात्र जन्मलं ते गोव्यात नव्हे, मुंबईत. १७ एप्रिल १८९२ रोजी लुकाझिन्यो रिबेरो यांनी ‘इटालियन भुर्गो’ रंगभूमीवर आणलं, ते इथल्या गोवेकर प्रेक्षकांसाठी. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात कोकणीला जो मान नव्हता, तो तिला परक्या शहरात, तिकीट काढून आलेल्या आपल्याच माणसांकडून मिळाला.

मालवणीचंही असंच झालं. गंगाराम गवाणकर यांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळींनी उभं केलं आणि पुढे त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. गावातली हौशी मंडळी पौराणिक नाटक बसवतात आणि त्याचा पुरता बोजवारा उडतो, एवढीच गोष्ट. सुरुवातीला नाटकाला फारशी गर्दी नव्हती, पु. ल. देशपांडे यांनी मनापासून दाद दिली आणि चित्र पालटलं, हे नाट्यवर्तुळात सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रयोगामागून प्रयोग भरत गेले ते परळ-लालबागच्या, दादर-गिरगावच्या चाकरमान्यांमुळे आणि त्यांच्या मुलांमुळे. घरात ऐकलेली, शाळेत न बोललेली भाषा रंगमंचावरून ऐकताना त्या थिएटरात जे घडत होतं, त्याला निव्वळ करमणूक म्हणता येणार नाही. आपली भाषा चारचौघांत मोठ्याने बोलता येते, हा अनुभव अनेकांना तिथे प्रथमच आला.

यात एक अडचणही होती आणि ती अजून पुरती सुटलेली नाही. बोलीला मंच मिळाला, पण हसण्याच्या अटीवर. मराठवाड्याची बोली घराघरांत पोहोचवली लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगानं. तिथेही हशा होता. चित्रपटात खेडवळ बोलणारा गडी, मालिकेत अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारी मोलकरीण आणि प्रमाण मराठी बोलणारे मालक-मालकीण, ही वाटणी इतकी मुरलेली आहे की ती खटकेनाशी झाली. प्रेमात पडलेला, चिडलेला, न्याय मागणारा, विचार करणारा माणूस बोलीतच बोलतो आहे आणि हसू येत नाही, असं मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर घडायला २०१६ उजाडावं लागलं. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये करमाळ्याकडची भाषा दोन्ही मुख्य पात्रांच्या तोंडी आहे. चित्रपटाचा उत्तरार्ध स्थलांतराच्या अंगानंही पाहण्यासारखा आहे. गावात रुबाबात बोलणारी नायिका आर्ची हैदराबादच्या वस्तीत येते, तेव्हा तिचा सगळा तोराच भाषेसकट गळून पडतो आणि शून्यातून सुरुवात करावी लागते. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी ‘रात्रीस खेळ चाले’, ‘तुझ्यात जीव रंगला’, ‘लागिरं झालं जी’, ‘गाव गाता गजाली’ या मालिका आल्या आणि मालवणी, कोल्हापुरी, सातारी बोलणारी पात्रं मध्यवर्ती भूमिकेत दिसू लागली. ही वाट रुंद होते आहे, पण संथपणे.

गिरणगावानं आणखी एक गोष्ट घडवली. गावात माणसाची ओळख जातीची, वाड्याची, भावकीची. मुंबईत तो आधी ‘सातारकर’ झाला, मग घाटी किंवा कोकणी, आणि मग मराठी. वाटेगावहून चालत मुंबई गाठलेले अण्णा भाऊ साठे आणि बार्शीचे अमर शेख १९४४ मध्ये लाल बावटा कलापथकात एकत्र आले, तेव्हा त्यांना कोकणी आणि घाटी अशा दोघांनाही भिडेल अशी भाषा हवी होती. ती त्यांनी पोवाड्यातून, लावणीतून, वगातून घडवली. ‘माझी मैना गावावर राहिली’ या अण्णा भाऊंच्या लावणीत कामासाठी मुंबईत आलेल्या गड्याचा विरह आहे आणि त्याच विरहात महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचं दुःखही आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रस्त्यावर उतरलेला ‘मराठी माणूस’ अनेक बोलींच्या या सरमिसळीतून तयार झाला होता. ‘घाटी’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या शहरात त्या शब्दाच्या धन्यांनीच ते शहर महाराष्ट्राला मिळवून दिलं, हे विसरता कामा नये.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर मॉल आणि मनोरे आले आणि कामगारांची कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपारा अशी पांगली. अर्थकारणाच्या अंगानं या पडझडीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. भाषेच्या अंगानं फार थोडं. चाळ मोडली तेव्हा गॅलरी मोडली आणि गॅलरीत एका गावची दहा घरं एकमेकांशी बोलत होती ती बंद झाली. फ्लॅटच्या दाराआड मालवणी बोलायला आजी उरली, तिच्याशी बोलायला नातवंडं प्रमाण मराठी किंवा इंग्रजी घेऊन आली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ४५ लाखांवरून ४४ लाखांवर आली, ती या पांगापांगीचाच भाग म्हणून पाहायला हवी. त्याच दशकात हिंदी सांगणारे सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले.

यावरून राजकारण भरपूर झालं आणि होतं. १९६६ साली शिवसेनेच्या स्थापनेपासून २०२५ मधल्या पहिलीपासूनच्या हिंदीच्या शासन निर्णयापर्यंत आणि तो मागे घेतला जाईपर्यंत भाषेचा प्रश्न प्रामुख्याने मराठी विरुद्ध इतर असाच मांडला गेला. शाळेतल्या हिंदीच्या सक्तीला झालेला विरोध रास्त होता. मात्र या मांडणीत एक गोष्ट नजरेआड होते. जौनपूर, आझमगडहून आलेला रिक्षावाला किंवा टॅक्सीवाला हिंदी भाषक म्हणून मोजला जातो, पण त्याच्या घरची भाषा अवधी किंवा भोजपुरी असते. २०११ च्या जनगणनेत भोजपुरी सांगणारे पाच कोटींहून अधिक लोक हिंदीच्याच बेरजेत धरलेले आहेत. त्याच्या बोलीला शहरात ‘गंवारू हिंदी’ म्हणतात आणि तोही मुलांसमोर ती टाळतो. लातूरचा बांधकाम मजूर आणि आझमगडचा टॅक्सीवाला एकमेकांसमोर उभे केले जातात, पण भाषेच्या बाबतीत दोघांची गत एकच आहे.

पुण्याची गोष्ट वेगळी. इथे बोली आणि प्रमाण भाषा यांची गाठ कारखान्यापेक्षा वर्गात, अभ्यासिकेत आणि भाड्याच्या खोलीत पडते. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात शिकायला येतो. त्याच्या निवेदनाचा बाज मराठी वाचकाला इतका नवा वाटला, कारण गावाकडचा शिकणारा मुलगा स्वतःच्या तऱ्हेनं बोलताना कादंबरीत पूर्वी फारसा भेटलाच नव्हता. आज असे हजारो मुलगे आणि मुली सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करत राहतात. मराठवाडा, विदर्भ, खानदेश इथून ते येतात, कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा लावतात.

यांच्या बोलण्याकडे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. अमरावती-अकोल्याकडचा मुलगा येतो तेव्हा ‘अभ्यास करून रायलो’ म्हणतो, मित्राला ‘काऊन बे’ विचारतो. ‘डोळा’चा त्याच्याकडे ‘डोया’ होतो. नांदेड-परभणीचा ‘अभ्यास करायलो’ म्हणतो. चाळीसगाव-धुळ्याचा घरी फोन लावतो तेव्हा तर त्याची वेगळीच भाषा सुरू होते, ‘मना’, ‘तुना’ आणि ‘काय करी राहिना’ असलेली. काही महिन्यांत चहाच्या टपरीवर या तिघांची एक मधली मराठी तयार होते. ती कुठल्याच पुस्तकातली नाही आणि कुठल्याच एका जिल्ह्याचीही नाही. मग अभिरूप मुलाखतींचा हंगाम येतो. तिथे प्रशासनावरच्या प्रश्नांइतकीच तयारी ‘ण’ आणि ‘ळ’ची चालते. ‘पानी’चं ‘पाणी’ करताना मुलगा इतका सावध होतो की, बोलायचा मुद्दा हातातून निसटतो. उच्चारावर केलेले हे कष्ट अनेकांना पद मिळवून देतात, हेही खरं. पण ज्याच्या तोंडी ‘पाणी’ जन्मतःच आहे, त्याला ते कष्ट करावे लागत नाहीत आणि त्याला आपण हुशार म्हणतो. ही विषमता कुठल्याही आरक्षणाच्या चर्चेत येत नाही.

याच प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास फार लवकर झाला होता, आणि तो एका अमेरिकन बाईंनी केला. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातल्या भेदांवर १९७३ मध्ये पीएच.डी. केली. एका लहान गावातही जात आणि शिक्षण यांप्रमाणे बोलणं कसं बदलतं, हे त्यांनी टिपलं. पुढे त्या फलटणमध्येच राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. मुलाची घरची बोली दारात ठेवून ये, असं त्या शाळेनं सांगितलं नाही. त्या बोलीवरून पुढे वाचनाकडे जाता येतं, हे दाखवलं. फलटणमध्ये जमलेली ही गोष्ट शहरांतल्या शाळांना अधिक गरजेची आहे, कारण तिथे एका वर्गात दहा बोली बसलेल्या असतात.

बोली सुटण्याचं दुःख सगळ्यांना सारखंच होतं, असं मानणंही चूक ठरेल. ज्याला गावात जातीवरून मागच्या दारी बोलावलं जात होतं, त्याच्यासाठी शहर ही सुटका होती आणि जात सांगणारी बोली टाकणं हा त्या सुटकेचाच भाग होता. डॉ. आंबेडकरांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना संविधान सभेत सुनावलं होतं ते याच अनुभवातून. बाबुराव बागुल यांच्या १९६३ मधल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचा नायक नोकरीसाठी परगावी जातो आणि जात लपवून राहतो; शहरात नाव-गाव-बोली या तिन्हींवरून माणूस कसा हुडकला जातो, हे तिथे अंगावर येतं. मात्र पुढचं पाऊल याच पिढीनं उचललं. दया पवारांच्या ‘बलुतं’नं (१९७८) नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचं धामणगाव आणि मुंबईचा कावाखाना एकाच निवेदनात आणला. पुण्याजवळच्या पूर-कनेरसरहून लहानपणी मुंबईत आलेल्या नामदेव ढसाळांनी ‘गोलपिठा’त (१९७२) जी भाषा वापरली, ती गावची नव्हती आणि शाळेचीही नव्हती. ज्या भाषेला शहरानं कानही दिला नव्हता, तिला त्यांनी मराठी कवितेच्या मध्यभागी बसवलं. स्थलांतरित शहरात भाषा गमावतो तशी नवी भाषा घडवतोही, याचा मराठीतला सर्वांत ठसठशीत पुरावा हाच.

बायकांच्या स्थलांतराकडे या चर्चेत नेहमी दुर्लक्ष होतं. भारतात गाव सोडणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांच्या स्थलांतराचं पहिलं कारण लग्न. सासरी आल्यावर माहेरची बोली सोडणं हे स्वयंपाकाची चव बदलण्याइतकं गृहीत धरलेलं असतं. वऱ्हाडातून पुण्याला दिलेली मुलगी सासूच्या टोमण्यांनी आधी ‘माह्या’चं ‘माझ्या’ करते. मुलांशी ती जे बोलते, तेच मुलांची मातृभाषा म्हणून नोंदलं जातं. म्हणजे बोली पुढे जाते की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा या बाईच्या धिटाईवर लागतो. तिची माहेरची भाषा फोनवर, आईशी बोलताना, दार लोटून घेतल्यावर जिवंत असते.

खानदेशची कथा या सगळ्यांत निराळी, कारण तिथला स्थलांतराचा ओघ राज्याबाहेरही गेला. जळगाव, धुळे, नंदुरबारमधून कापडधंद्यासाठी हजारो कुटुंबं सुरतेला गेली. उधना, लिंबायत भागात खानदेशी वस्ती इतकी दाट आहे की तिथून खानदेशी आडनावांचे लोकप्रतिनिधी निवडून येतात. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्याही प्राथमिक शाळा चालवते, हे तिथल्या कारभाराला भूषणावह आहे. पण अहिराणी बोलणाऱ्या मुलाला तिथे मिळते ती प्रमाण मराठीची शाळा. घरची भाषा एक, शाळेची दुसरी, रस्त्यावरची तिसरी. तरीही अहिराणीनं आपली जागा शोधली आहे ती मोबाइलवर. लग्नातली अहिराणी गाणी, हळदीची गाणी, विनोदी व्हिडिओ यांचे प्रेक्षक लाखा-कोटींत मोजले जातात आणि त्यांतले कितीतरी जण सुरत, नाशिक, पुणे, कल्याण इथे राहतात. गिरणगावात ग्रामस्थ मंडळानं जे केलं, ते आज फोनचा पडदा करतो आहे. फरक एवढाच की, मंडळात माणसं एकमेकांना उत्तर देत होती.

सगळ्यात बिकट स्थिती बांधकामांवरच्या मुलांची. पुण्याच्या बाणेर, वाघोली, हिंजवडीत इमारती उभारणारी कुटुंबं सहा-आठ महिन्यांत जागा बदलतात. त्यांत गोरमाटी बोलणारे बंजारा असतात, वडारी बोलणारे असतात, मराठवाड्यातले, कर्नाटकातले, बिहार-छत्तीसगडचे असतात. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि नंतर पुण्यात पसरलेल्या डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था बसमध्ये वर्ग भरवतात, साइटवर केंद्रं चालवतात. शिक्षण हक्क कायद्यानं शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवण्याचं मान्य केलं आहे. एका खोलीत पाच भाषा असताना ते ‘शक्य तिथवर’ फार लवकर संपतं. नागराज मंजुळे यांच्याच ‘फँड्री’त (२०१३) नायक जब्याचं कुटुंब घरात कैकाडी बोलतं आणि जब्या शाळेत मराठी. ती घरची भाषा मित्रांसमोर ऐकू येऊ नये, ही त्याची धडपड पाहताना कळतं की मुलाला भाषेची लाज शिकवायला वेगळा शिक्षक लागत नाही.

या भाषांची नोंद सरकारदरबारी कुठे होते, हे पाहिलं तर गोंधळ आणखी वाढतो. जनगणनेच्या वर्गवारीत कैकाडी तमिळखाली आहे, वडारी तेलुगूखाली, लमाणी (म्हणजेच गोरमाटी) हिंदीखाली, मालवणी कोकणीखाली. वंशावळीच्या हिशेबानं यातल्या काही जोड्या बरोबर असतीलही, पण बीडच्या तांड्यावरून पुण्यात आलेल्या बंजारा बाईला आपण हिंदी भाषकांत मोजले गेलो आहोत याचा पत्ताही नसतो. वऱ्हाडीला तर वेगळा आकडाच नाही. ती मराठीत विरघळलेली आहे. खानदेशी (अहिराणी तिच्यातच येते) स्वतंत्र भाषा म्हणून मोजली जाते आणि तिचे आकडे बोलके आहेत. २००१ मध्ये ती सांगणारे २० लाखांहून अधिक होते. २०११ मध्ये ते १९ लाखांच्याही खाली आले. खानदेशची लोकसंख्या या काळात वाढली. म्हणजे अहिराणी बोलणारी माणसं नाहीशी झाली नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांनी प्रगणकासमोर ‘मराठी’ म्हणून सांगितलं किंवा प्रगणकानं विचारायच्या आधीच तसं लिहिलं. शहरात हे जास्त घडत असणार, कारण तिथे प्रगणक म्हणून दारावर आलेल्या शिक्षकाला अहिराणी सांगणं म्हणजे आपण गावठी आहोत असं सांगणं वाटतं.

अभ्यासाची बाजू त्यामानानं बरी आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५ मध्ये निघाला, अ. मा. घाटगे यांनी साठ-सत्तरच्या दशकांत मराठी बोलींची पाहणी केली. गणेश देवी यांच्या लोकभाषा सर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींच्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचं मोठं काम केलं. या सगळ्यांचा रोख स्वाभाविकपणे गावांवर होता. भांडुपची मालवणी, पिंपरी-चिंचवडची मराठवाडी, नाशिकच्या सातपूर-अंबडमधली अहिराणी यांचा असाच बारकाईनं अभ्यास व्हायला हवा. शहरात आलेल्या बोलीत काय सुटतं, काय राहतं आणि शेजारच्या बोलीकडून ती काय उचलते, हे तिथेच कळेल. विद्यापीठांच्या मराठी विभागांत त्याच वस्त्यांतून आलेले विद्यार्थी बसलेले आहेत, हे काम त्यांच्याइतकं चांगलं कुणी करू शकणार नाही.

कोविडमुळे लांबलेली जनगणना आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार आहे. तीत मातृभाषेचा रकाना असेल आणि त्यापुढे माणूस सांगेल तेच नाव लिहायचं, अशी प्रगणकांना परंपरेनं सूचना असते. दहा हजारांपेक्षा कमी नोंदी आलेली भाषा वेगळी छापली जात नाही, ती ‘इतर’मध्ये जाते. नाशिक, पुणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत राहणाऱ्या अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कैकाडी, गोरमाटी बोलणाऱ्यांपर्यंत ही माहिती पोहोचवायला ग्रामस्थ मंडळं आहेत, समाजाचे व्हॉट्सॲप गट आहेत, अहिराणी गाण्यांचे लाखो प्रेक्षक असलेल्या वाहिन्या आहेत. त्यांनी प्रगणक दारात येण्याआधी हे काम हाती घ्यायला हवं, कारण पुढचा आकडा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी येईल.